सूर्याला शेपूट

टॅमरॅक तळं, पूर्व किनारा
मंगळवार, १२ मे

आयोन,

हे पत्र तक्रारीचं आहे. त्यात दुसरं काही शोधू नकोस.

गेला आठवडाभर सकाळी मी न्याहारीला बसते, अंडं फोडते, आणि नेमकी त्याच वेळी तुझ्या अंगणातून एक तिरीप उठते, पाणी ओलांडते, माझ्या खिडकीतून न विचारता आत येते आणि माझ्या डोळ्यांत ठाण मांडते. परवा मी अंड्यावर दोनदा मीठ घातलं. काल अंडं टोस्टवर न पडता मांडीवर पडलं. माणसाला जन्मतः फार हक्क मिळत नाहीत, पण आपलं अंडं आपल्याला दिसावं एवढा तरी मिळत असावा, असं मी पंचावन्न वर्षं धरून चालले होते. हे प्रकरण गावसभेपुढे न्यावं की एकदम राज्यपालांकडे, याचा विचार चालू आहे. तूर्त तुला पहिली नोटीस.

कारण मला ठाऊक आहे. तोईवो गेल्यावर त्याची मासेमारीची होडी तू सुताराच्या लाकडी घोड्यांवर पालथी घातली आहेस, तिचा हिरवा रंग उतरवला आहेस आणि खालचं ॲल्युमिनियम घासायला घेतलं आहेस. दुर्बीण मी पक्ष्यांसाठी ठेवते. तुझं अंगण पक्ष्यांच्या वाटेत येतं, त्याला माझा इलाज नाही.

आणि तुझ्याशेजारी निळी टोपी घालून रोज उभी असते ती डेल्फीन, हेही दिसलं. शहरातून आली, तुझ्या शेजारचं घर घेतलं, आणि आता माझी जागाही घेतली. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. अठरा वर्षं आपण दोघींनी माझ्या गॅरेजमध्ये लोकांच्या गंजक्या, पोचलेल्या, बदकांनी घाण केलेल्या होड्या आरशासारख्या करून दिल्या. घासायचं मी, पॉलिश तुझं. तुझ्या डाव्या हाताला मी उभी असायचे. ती उजव्या हाताला उभी राहते. पहिल्याच दिवशी चुकली.

हे पत्र शंभर मैल दक्षिणेला जाईल, शिक्का खाईल आणि शंभर मैल परत येईल. मोठ्यानं हाक मारली तर तुझ्या दारात पोचेल एवढंच अंतर आहे. पण हाक मारायची माझी इच्छा नाही, आणि फोन तू ठेवून देतेस.

होडीवर दिवसा चादर टाक.

मार्लिस


गुरुवार, २१ मे

आयोन,

चादर टाकलेली नाहीस. नोंद घेतली.

आज ओरिनच्या दुकानात गेले होते. गांडुळं आणि टपाल एकाच खिडकीतून देणारा माणूस, त्यामुळे त्याच्याकडच्या बातम्यांनाही थोडी माती लागलेली असते.

"होडी झकास निघतेय म्हणे," तो म्हणाला.

"कोण म्हणे?"

"सगळेच. ती डेल्फीन मदतीला आहे ना रोज."

"मदतीला म्हणजे नक्की काय करते?"

"ते तुला जास्त ठाऊक. दुर्बीण तुझ्याकडे आहे." मग म्हणाला, "गांडुळं किती देऊ?"

"मी मासे मारत नाही, ओरिन. वीस वर्षं झाली तुला हे माहीत होऊन."

"मग अजून उभी का आहेस?"

उभी होते, कारण तो काहीतरी गिळतोय हे कळत होतं. शेवटी बोलला. जूनच्या सगळ्यात मोठ्या दिवशी, तुम्हा फिनिश लोकांची शेकोटी पेटते त्या संध्याकाळी, तू नवऱ्याची राख तळ्यात सोडणार आहेस. त्याच्याच होडीतून. आणि होडी अशी हवी की तळ्याला तिच्यात स्वतःचं तोंड दिसलं पाहिजे, असं तोईवो आजारपणात म्हणाला होता.

हे मला गांडुळांच्या खिडकीत कळलं.

तोईवोनं जन्मात ती होडी धुतली नाही. माशांचे खवले तिच्यात इतके वाळलेले असायचे की रंगाची गरज नव्हती. आणि त्याला शेवटची इच्छा कुठली झाली तर ही. ही इच्छा पुरी करायला तळ्याकाठी कोणाचे हात आहेत, हे त्याला माहीत होतं. कोणाचे चार हात, असं म्हणते मी.

तुला वाटत असेल, मी अजून गेल्या ऑगस्टचं धरून बसले आहे. मुळीच नाही. जुन्या होड्यांच्या जत्रेत वर्तमानपत्राच्या माणसानं विचारलं, "ही कोणाची कामगिरी?" आणि तू म्हणालीस, "चकाकी माझी." खोटं काहीच नव्हतं. फोटोही छान आला. त्यात तू आहेस, होडी आहे, आणि होडीच्या पोटात माझ्या कोपराचं प्रतिबिंब आहे. तो फोटो मी जपून ठेवला आहे. कोपर चांगलं आलंय.

त्यावर मी जे म्हणाले ते लोक फुगवून सांगतात. पॉलिशचं चाक माकडसुद्धा धरेल, असं मी म्हणालेच नव्हते. शिकवलेलं माकड, म्हणाले होते.

आणि फेब्रुवारीत मी तोईवोच्या प्रार्थनेला येऊन कॉफीआधी निघून गेले, याबद्दल चर्चमधल्या बायका अजून माझ्याशी दुधाच्या भावावर बोलतात, बाकी कशावर नाही. मी थांबणार होते. खाली तळघरात उतरलेसुद्धा होते. कॉफीच्या टेबलाशी डेल्फीन तुझा कोट हातावर घेऊन उभी होती. एका कोटाला दोन माणसं लागत नाहीत. म्हणून निघाले.

बटाटे नि खिमा भाजून पाठवलेला डबा ओरिननं पोचवला असेल. त्यावर नाव नव्हतं. मीठ कमी होतं त्यावरून ओळखलंस का?

मार्लिस


मंगळवार, २ जून

आयोन,

आता गप्प राहवत नाही. हे मी तुझी मैत्रीण म्हणून लिहीत नाही, घासणारी म्हणून लिहितेय.

होडी चकाकतेय. रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून बघतात. पण आज सकाळी साडेसातला मी दुर्बिणीतून तिच्या उजव्या बाजूवर सूर्य बघितला, आणि सूर्याला शेपूट होतं.

नीट घासलेल्या पत्र्यात सूर्य टिकलीएवढा दिसतो, गोल, कडा कापल्यासारख्या. हे तू मला शिकवलं नाहीस, मी तुला शिकवलं. शेपूट दिसलं म्हणजे चकाकीच्या खाली ओरखडे जिवंत आहेत. आणि शेपूट तिरकं होतं. चारशे नंबरचा घासायचा पेपर तिरका मारला, पुढचा सहाशे त्याला आडवा मारून ते ओरखडे खाऊन टाकायचे असतात, तो मारलाच नाही आणि घासणारी उडी मारून एकदम आठशेवर गेली. आठशे मऊ असतो. तो ओरखडे खात नाही, नुसता कुरवाळतो. वरून कितीही पॉलिश लाव. ढगाळ दिवशी लोक टाळ्या वाजवतील. ऊन पडलं की सगळं बाहेर.

अजून सांगते. शेपूट डावीकडे झुकलेलं आहे. उजव्या हाताचं माणूस घासतं तेव्हा ओरखडा एकीकडे कलतो, डावखुरं घासतं तेव्हा दुसरीकडे. तुझी ही डेल्फीन डावखुरी आहे आणि शिवाय आळशी. मनगट ढिलं, खांद्यातून जोर नाही. मधेच थांबते, कंटाळते, पुन्हा लागते. थांबली तिथे तिथे पत्र्याला खळगे पडलेत. असल्या हातानं मी माझं कढईचं बूडसुद्धा घासून घेणार नाही, आणि तू तिच्या हाती तोईवोची होडी दिलीस. तळ्याला स्वतःचं तोंड दिसेल खरं, पण देवी आल्यासारखं.

मोठ्या दिवसाला आता फार वेळ राहिलेला नाही. तिला दूर कर.

कोणाला बोलाव ते मी सांगणार नाही.

मार्लिस


बुधवार, १० जून

आयोन,

काल तुझी डेल्फीन माझ्याकडे आली होती. तुला तिनं सांगितलं नसेल. म्हणून मी सांगते. एकदा तरी तुझ्याबद्दलची बातमी तुला माझ्याकडून कळू दे.

सगळं तळं वळसा घालून गाडीनं आली. दारात उभी राहिली.

"मी डेल्फीन."

"दिसतंय."

"इतक्या जवळून पहिल्यांदाच दिसत असेन," ती म्हणाली.

डास आत येत होते म्हणून तिला आत घेतलं. कॉफी ठेवली. इथल्या रीतीनं तिनं आधी दोनदा नको म्हणायला हवं होतं. ती पहिल्याच वेळी हो म्हणाली. शहर.

"तुझं परवाचं पत्र मिळालं," ती म्हणाली.

"ते तुमच्या नावावर नव्हतं."

"ती मोठ्यानं वाचते. सॉनाच्या बाहेरच्या खोलीत, घाम पुसत. पहिली दोन वाचताना एवढी हसली की बाकावरून घसरली. अंड्याचं तर दोनदा वाचलं. कोटाचं मलाही आवडलं."

आयोन, त्या बाकावर खिडकीकडच्या बाजूला मी बसायचे. तिथे बसून मला हसलात दोघी. घामानं थबथबलेल्या. मला काय वाटलं ते लिहीत नाही, कागद चांगल्यापैकी महाग आहे.

"हे तिसरं मात्र तिनं मनात वाचलं," डेल्फीन म्हणाली. "मग माझ्या हातात दिलं आणि घरात गेली. जेवायला आली नाही."

"तुम्हाला डावखुरी म्हटलं ते लागलं असेल तर..."

"मी उजव्या हाताची आहे."

तेव्हा माझं लक्ष गेलं. कप तिच्या उजव्या हातात होता. साखर उजव्या हातानं ढवळली होती. मी समोरच बसले होते आणि दुर्बिणीशिवाय मला काही दिसत नव्हतं.

"मी ती होडी घासलेली नाही," ती म्हणाली. "मला येतच नाही. मी पाणी ओतते. पेपर कोरडा पडू नये म्हणून बाटलीनं धार धरते, ती घासते. एवढंच माझं काम."

"आयोन उजव्या हाताची आहे," मी म्हणाले. मूर्खासारखं. तू कोणत्या हाताची हे मी तिला सांगत होते.

"होती. मार्चमध्ये सॉनाच्या पायरीवर बर्फावरून घसरली. उजवा खांदा फाटलाय आतून. शस्त्रक्रिया सांगितली आहे, ती पुढे ढकलतेय, आधी तोईवो म्हणते. कोणाला बोलू नको म्हणून शपथ घातलीय. चारशेपर्यंत डाव्या हातानं रेटते. मग हात थरथरायला लागतो. मग मऊ पेपर घेते."

मी उठून किटली उतरवली.

"तिनं पाठवलं तुम्हाला?"

"नाही. पाठवलं असतं तर आले नसते. मला असली कामं आवडत नाहीत."

"मग का आलात?"

"कारण वीट आलाय मला," ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिचा आवाज चढला. "दिवसातून दहा वेळा. मार्लिस असती तर रिवेटभोवती काडीला पेपर गुंडाळून घासलं असतं. मार्लिस असती तर पाणी कोमट घेतलं असतं. मार्लिस असती तर आत्ता शिव्या दिल्या असत्या. घराशेजारी राहते मी, जेवण मी देते, औषध मी आणते, आणि तिच्या अंगणात दिवसभर तू उभी असतेस. तुझा राग येतो मला."

मला ऐकू कमी येतं असं सांगून मी तिला हे सगळं पुन्हा म्हणायला लावलं. तिनं म्हटलं. शब्दही बदलला नाही.

माझ्या परवाच्या पत्रातलं ते कढईच्या बुडाचं वाक्य. त्याबद्दल मी काय लिहिणार. ते पोस्टात पडलं तेव्हा खिडकी बंद होती, नाहीतर ओरिनच्या हातातून काढून घेतलं असतं, असंही मी म्हणत नाही, कारण तेव्हा मला ते आवडलं होतं.

शनिवारी येते. सहाशेचा गठ्ठा घेऊन. तोईवोसाठी येते, तुझ्यासाठी नाही. तू बोलायची गरज नाही. मीही बोलणार नाही. पाणी कोमट ठेवायला सांग तिला.

मार्लिस


गुरुवार, १८ जून

आयोन,

पाच दिवस तुझ्या अंगणात होते आणि आपण दोघी मिळून पावशेर बोललो असू. म्हणून घरी येऊन लिहिते. लिहिण्याची सवय लागली आहे आणि तू मोठ्यानं वाचतेस हेही आता माहीत आहे. डेल्फीन, नमस्कार.

तुझं चारशेचं काम वाईट नव्हतं. हे मी शनिवारीच सांगणार होते, तुझं तोंड बघून सांगितलं नाही. डाव्या हातानं, त्या खांद्यावर, नाकापासून शेपटापर्यंत एक संपूर्ण बाजू. दुसऱ्या कोणाचं असतं तर मी टोपी काढली असती. मी फक्त त्याला आडवी गेले, सहाशेनं, मग आठशेनं, मग हजारानं, आणि मंगळवारी सकाळी घरी न्याहारी मुद्दाम उशिरा केली, दुर्बीण लावून. सूर्य टिकलीएवढा होता.

मग चाकाचा प्रश्न आला. ते वीस पौंडांचं विजेचं धूड तू उचलूच शकत नव्हतीस. आपण दोघींनी डेल्फीनकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. एवढं स्पष्ट 'नाही' या तळ्याकाठी कोणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. इथे लोक 'बघू या' म्हणतात आणि मरून जातात.

मग तू चाक माझ्याकडे ढकललंस. पायानं.

ते चाक मला अठरा वर्षं हवं होतं. तुझ्या पाठीमागे उभी राहून, धुळीनं पांढरी होऊन, मी बघायचे. मी तीन दिवस घासावं, पत्रा मेलेल्या माशाच्या पोटासारखा करडा दिसावा. मग तू चाक लावावंस आणि एका हातानं फिरवता फिरवता आकाश बाहेर काढावंस. लोकांनी यावं तेही नेमकं तेव्हाच. करड्या पत्र्याला बघायला कोण येतं? मला वाटायचं, हात माझे, शाबासकी चाकाला. एक दिवस चाक माझ्या हाती आलं की दाखवीन.

दाखवलं. पहिल्या फेरीत चाक होडीच्या काठाला अडकलं, माझ्या हातातून निसटलं आणि सॉनाच्या लाकडांच्या ढिगात जाऊन पडलं. दुसऱ्या फेरीत मी दाबलं, पत्रा तापला आणि जिथे आरसा यायचा तिथे धुरकट जाळं आलं. तिसऱ्या फेरीत पॉलिशचा काळा चिखल माझ्या दातांत गेला. डेल्फीन पाण्याची बाटली घेऊन उभी होती. आग लागली तर म्हणून, असं तिनं नंतर सांगितलं.

तू खुर्चीवर बसून बघत होतीस. मग उठलीस, माझ्या मागे आलीस, तुझा चांगला हात माझ्या कोपराखाली ठेवलास.

"दाबू नकोस. चाकाला घाई असते, तुला नको."

"दाबत नाहीये."

"दाबतेयस. पावाची कणीक मळल्यासारखी. नुसतं टेकव. त्याला वाटू दे की त्याचं तेच करतंय."

टेकवलं. आणि थोडं आकाश आलं. हातभर. कडेला मळकं, पण आकाश.

तू म्हणालीस, "शिकवलेल्या माकडाला एवढा वेळ लागत नाही."

दहा महिन्यांनी तू माझी केलेली ही पहिली थट्टा. मी हसले तेव्हा माझे दात काळे होते, असं डेल्फीन म्हणते. तुझे पांढरे होते, ते मी बघितलं.

काळा चिखल शोषून पुसायला गव्हाचं पीठ लागतं हे डेल्फीनला खरंच माहीत नव्हतं. तुझं पीठ बुधवारी दुपारी संपलं, माझं चारच्या सुमाराला. दुकान बंद. निम्मी होडी अजून भुतासारखी काळी. तू म्हणालीस, "असू दे, उद्या." उद्या पाऊस सांगितला होता, आणि तो चिखल एकदा वाळला की पुन्हा चाक. तेव्हा डेल्फीन आपल्या घरी गेली आणि पिठाची काचेची मोठी बरणी घेऊन आली. शहराजवळच्या कुठल्या चक्कीतलं, तिनं तिथूनच मागवलेलं. मी चिमटीत घेऊन चोळलं. रेशमासारखं होतं. खडा नाही, कोंडा नाही.

"याचा मी रविवारी पाव करते," ती म्हणाली. मग बरणीकडे बघून म्हणाली, "करायचे."

मी मुठीमुठीनं होडीवर टाकलं. ती धुळीत उभी राहून बघत होती. बरणीत तळाला बोटभर राहिलं तेव्हा आपलं काम झालं. आभार मानायचे ते तू मानलेस. माझ्या तोंडात पॉलिश होतं.

आता तूच शेवटचा हात फिरव, मऊ बनियनच्या चिंधीनं, डाव्या हातानं. माझी धुरकट जागा राहिली आहे, मागच्या टोकाला. ती आता जात नाही.

मार्लिस


सोमवार, २२ जून

आयोन,

शनिवारी तू तिथेच होतीस. तरी लिहिते, कारण वल्ही मारणाऱ्याचं तोंड किनाऱ्याकडे असतं आणि राख सोडणाऱ्याचं नसतं. तुझ्या पाठीमागे काय होतं ते मी बघितलं, तू नाही.

होडी पाण्यात ढकलली तेव्हा सगळे धक्क्यावर उभे होते. शेकोटी अजून पेटायची होती, सूर्य मावळायला तयार नव्हता, आणि पाण्याला खरोखर कळेना की होडी कुठे सुरू होते. ओरिन म्हणाला, "काय चकाकी आणलीस, आयोन." सगळ्यांनी मान डोलावली. जुनी जागा, जुनी कळ. मी वल्ह्याकडे बघत राहिले.

तू खोकलीस. म्हणालीस, "घासलंय मार्लिसनं. पॉलिशही तिचंच. म्हणून तर मागे जरा धुरकट आहे."

लोक हसले. चर्चमधल्या बायकासुद्धा हसल्या. तू माझ्याकडे बघितलं नाहीस आणि मी तुझ्याकडे. बरं झालं.

होडीत तू, मी आणि तोईवोच्या राखेची पेटी. तुला वल्हवता येत नव्हतं, डेल्फीनला कधीच येत नव्हतं. म्हणून मी. मला माहीत आहे, निवड अशी नव्हतीच. तरी मी पाठ ताठ ठेवली होती, सगळ्या किनाऱ्याला दिसेल अशी.

मधोमध आल्यावर पेटीचं झाकण तुझ्या डाव्या हातानं निघेना. मी वल्ही आत घेतली आणि उघडून दिलं. तू काही म्हणशील असं वाटलं. प्रार्थना वगैरे. तू नुसती ओतलीस. वारा आला आणि त्यातली थोडी राख उडून होडीच्या ओल्या अंगाला चिकटली, हजार नंबरनं घासलेल्या, पीठ चोळून लखलखीत केलेल्या बाजूला, करडा हात मारल्यासारखी.

"बघ," तू म्हणालीस, "बसला नाही तोच घाण केली." आणि मग रडलीस. चांगली मोठ्यानं. मी होडी वाऱ्यावर सोडून दिली होती, गोल फिरत होती, ते तुझ्या लक्षात आलं नसेल.

तेव्हाच बघितलं. धक्क्यावर सगळे गटागटानं उभे होते, वाफाळते कप हातात, वेलदोड्याचा पाव वाटला जात होता. डेल्फीन टोकाला एकटी होती. कप कोणी दिला नव्हता तिच्या हातात. वाईट कोणाच्या मनात नव्हतं. दोन वर्षं झाली तरी ती अजून 'शहरातली ती' आहे, आणि कप द्यायचं काम प्रत्येकाला दुसऱ्याचं वाटलं. दुरून बघत होती, टाचा उंचावून, होडी गोल का फिरतेय म्हणून.

परत आलो. मी माझी कॉफी घेतली आणि येऊन तुझ्या उजव्या बाजूला बसले, दुखऱ्या खांद्याकडे, म्हणजे त्या बाजूला तिला बसता येऊ नये. कॉफी दोन कप प्यायले. तिसराही घेतला. ती पलीकडच्या ओंडक्यावर बसली.

एवढंच. शस्त्रक्रियेला कधी जायचं ते ठरलं की सांग. माझी गाडी जुनी आहे पण जाते.

मार्लिस


मंगळवार, ७ जुलै

आयोन,

इस्पितळाच्या पत्त्यावर लिहिते. इथून हे पत्र दक्षिणेला एकदाच जाईल, परत यायला नको.

खांदा शिवला, तू शुद्धीवर आलीस आणि पहिलं वाक्य नर्सच्या गाडीच्या बंपरबद्दल बोललीस, ते डेल्फीननं फोनवर सांगितलं. नर्सचा बंपर कुठून दिसला तुला? खिडकीतून, म्हणे. सूर्याला शेपूट होतं, म्हणे. आराम कर.

ती तुला घेऊन गेली, मी नाही. तिची गाडी नवी आहे, तिच्या बहिणीचं घर इस्पितळापासून जवळ आहे, सगळं रास्त आहे. रास्त गोष्टींचा जास्त राग येतो. दोन आठवडे तिथे तुम्ही दोघी संध्याकाळी काय बोलता, ती तुला उजव्या बाजूनं धरून चालवते की डाव्या, जेवणात मीठ किती घालते, हे प्रश्न मला पडतात. पडू देत. पत्रं मोठ्यानं वाचायला आता हे नवीन मिळालं तुम्हाला.

जाताना तिनं तिच्या घराची किल्ली माझ्याकडे दिली. टोमॅटोला पाणी घालायला. इतकी माणसं आहेत तिच्या बाजूला, पण तळं वळसा घालून ती माझ्याकडे आली. "तू नाहीतरी बघत असतेसच," म्हणाली.

रविवारी आत गेले. पाण्याचा झारा स्वयंपाकघरात असतो म्हणून. घर स्वच्छ आहे, मला दोष काढायचा होता, सापडला नाही. फळीवर ती बरणी होती. तळाला तेवढंच बोटभर पीठ. तेव्हापासून तिनं पाव केलेला नाही. काचेवर आतून जुन्या पिठाची पुसट कड राहिली होती, पूर्वी कुठपर्यंत भरलेली असायची ती.

काल मी गाडी काढली. जुनी आहे पण जाते. ती चक्की शोधायला दोन वेळा रस्ता चुकले आणि एका माणसानं मला उलट्या दिशेला पाठवलं, आवाज शहरी होता. पीठ चिमटीत चोळून बघितलं. तेच. परत येऊन बरणी भरली, थोडं थोडं, हलवून, बसू देत, काचेवरच्या कडेपर्यंत. वर नाही. वर भरलं असतं तर उपकार केल्यासारखं दिसलं असतं. सांडलेलं पुसलं. झाकण लावलं. बरणीवरच्या नावाच्या चिठ्ठीचं तोंड भिंतीकडे होतं तसंच भिंतीकडे ठेवलं.

हे पान तिला वाचून दाखवू नकोस.

टोमॅटोला पाणी घातलं.

मार्लिस